दमा, श्वासनळी अन् एनजीएफ: लोक मला वारंवार विचारतात ते प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो, राहतो मात्र खेड्यातच. आईला बऱ्याच वर्षांचा दमा आहे, तिच्या निमित्तानं वाचत गेलो अन् वाचता वाचता एनजीएफ नावाची गोष्ट हाती लागली, तेव्हापासून कोणी पंपाबद्दल विचारलं की मी तिथपर्यंत जातोच. लोक पारावर विचारतात, एसटीत विचारतात, रात्री व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकतात, प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून एका जागी लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही, कोणाला किती डोस ते मला विचारू नका.

एनजीएफ एनजीएफ करता सर, पण ते हाय काय?

नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. नसा वाढवणारं एक प्रोटीन, आपलं शरीरच बनवतं. पण आधी एक घोळ मिटवून घेऊ, आपण बोलताना रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो अन् मज्जातंतूलाही नसच म्हणतो, इथं मी नस म्हणतो ती मज्जातंतूवाली, जिच्यातून दुखणं, खाज, ठसका, गरम-गार हे सगळं मेंदूपर्यंत जातं.

बाळ पोटात असताना नसा वाढत असतात तेव्हा ज्या भागाला नस पाहिजे तो भाग थोडं थोडं एनजीएफ सोडतो, नसेचं टोक तिकडं वाढत जातं, पोचलं अन् पुरेसं एनजीएफ मिळालं तर ती नस जगते, नाही मिळालं तर मरते. मोठेपणी याचं काम संपत नाही, दुखण्याच्या नसा किती जागरूक राहतील हे मोठेपणीही बरंचसं याच्यावर असतं. याची भावंडंही आहेत, बीडीएनएफ, एनटी-३, एनटी-४, सगळ्यांना मिळून न्यूरोट्रॉफिन म्हणतात.

नसांचं अन् दम्याचं काय घेणंदेणं? दमा त कफाचा असते ना?

कफ असतोच, पण कफ ही एक बाजू झाली. श्वासनळीच्या आतल्या अस्तरात नसांचं जाळं पसरलेलं आहे, यातल्या बहुतेक नसा व्हेगस नावाच्या मोठ्या नसेतून मेंदूकडं जातात. धूर आला, धुळीचा कण आला, घास चुकून तिकडं गेला की याच नसा खबर देतात अन् आपण खोकतो. नळीभोवतीचा स्नायू आवळायचा की सैल सोडायचा, कफाच्या ग्रंथींनी किती सोडायचं, यातही नसांचं चालतं. दम्याच्या नळीत या नसा जास्त चिडक्या झालेल्या असतात, अन् त्यांना चिडवणाऱ्यांत एनजीएफ आहे. म्हणून एनजीएफबद्दल बोलल्याशिवाय दम्याबद्दल अर्धंच बोलणं होते असं माझं मत झालं आहे.

हे शोधलं कोणी?

रिटा लेव्ही-मोंताल्चिनी. इटलीतल्या तुरीन शहरातली बाई, जन्म १९०९. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. ती ज्यू होती, १९३८ च्या वंशभेदाच्या कायद्यानं तिला विद्यापीठातून बाहेर काढलं, तर तिनं घरात झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. साहित्य काय, तर कोंबडीची अंडी. शहरावर बॉम्ब पडायला लागले तेव्हा खेड्यात गेली, तिथल्या शेतकऱ्यांकडून अंडी मागून आणायची अन् अंड्यातल्या पिल्लाच्या नसा कशा वाढतात ते पाहायची. युद्धानंतर, १९४७ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडं गेली. तिथं पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तिनं पाहिलं की उंदराच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा अंड्यातल्या पिल्लाला लावला की त्याच्या नसा भराभरा वाढतात, गाठीला न चिकटताही वाढतात, म्हणजे गाठीतून काहीतरी पाझरत असलं पाहिजे. ते काहीतरी म्हणजे एनजीएफ. मग स्टॅन्ली कोहेन या बायोकेमिस्टनं ते वेगळं काढलं, आधी सापाच्या विषात भरपूर सापडलं अन् नंतर उंदराच्या लाळेच्या ग्रंथीत. १९८६ चं नोबेल दोघांना मिळालं. बाई १०३ वर्षं जगली, २०१२ मध्ये गेली.

आपल्या विषयासाठी अजून एक गोष्ट. १९७७ मध्ये तिनं अन् लुइजी आलोए यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना एनजीएफ टोचलं तर त्यांच्या अंगात मास्ट पेशी वाढल्या. मास्ट पेशी म्हणजे ॲलर्जीच्या वेळी हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी. फक्त नसांचं समजलं जाणारं प्रोटीन ॲलर्जीच्या पेशींनाही हलवतं, हे तिथून दिसायला लागलं.

मंग हे फुफ्फुसात येते कुठून?

बाहेरून नाही येत, तिथलेच लोक बनवतात. श्वासनळीच्या अस्तराच्या पेशी बनवतात, स्नायूच्या पेशी बनवतात, फायब्रोब्लास्ट म्हणजे धागे विणणाऱ्या पेशी बनवतात, अन् मास्ट पेशी, मॅक्रोफेज, इओसिनोफिल, टी पेशी, या शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीही बनवतात. शांत असताना थोडंच असतं. नळीत सूज आली, ॲलर्जीमुळं येवो की इन्फेक्शनमुळं, की आयएल-१ बीटा अन् टीएनएफ-अल्फा हे सुजेचे निरोप फिरायला लागतात अन् त्यांच्या सांगण्यावरून एनजीएफ वाढतं. वाढलेलं एनजीएफ मास्ट पेशींना जगवतं अन् उचकवतं, मास्ट पेशी सूज वाढवतात, सूज परत एनजीएफ वाढवते. हे चक्र आहे अन् ते आपोआप लवकर थांबत नाही.

ते पेशीले सांगते कसं की आता वाढ म्हणून?

पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, कुलूप समजा. एनजीएफची दोन कुलपं आहेत. एक ट्रक-ए, ते उघडलं की पेशीला साधारण ‘जग, वाढ, काम कर’ असा निरोप जातो. दुसरं पी-७५, ते सगळ्याच न्यूरोट्रॉफिनला लागतं अन् त्याचा निरोप जागेप्रमाणं बदलतो, कधी जगायचा तर कधी मरायचाही. एनजीएफ आधी कच्च्या रूपात बनतं, त्याला प्रो-एनजीएफ म्हणतात, हे कच्चं रूप पी-७५ वर जास्त बसतं. ही कुलपं फक्त नसांवर नाहीत, श्वासनळीच्या स्नायूवर, फायब्रोब्लास्टवर अन् ॲलर्जीच्या पेशींवरही आहेत.

सर्दी जाते पण खोकला महिना महिना जात नाही, फोडणीचा ठसका बी सहन होत नाही, काहून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आईचाही पहिला प्रश्न हाच होता.

उन्हाळ्यात मिरची कांडपायची असली की एका घरी कांडप चालते अन् अख्खी गल्ली खोकते, भिवापुरी मिरची असली तर विचारूच नका. मिरचीतलं कॅप्सायसिन नसेच्या टोकावरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या दरवाजावर बसतं. हा दरवाजा मुळात चटका ओळखण्यासाठी आहे, साधारण ४३ अंशाच्या वर उघडतो, आंबट म्हणजे ॲसिडनंही उघडतो. एनजीएफ वाढलं की हा दरवाजा थोडक्यातच उघडायला लागतो, अन् असे दरवाजे संख्येनंही वाढतात. म्हणजे जो वास, जो धूर शेजारच्याला जाणवतही नाही त्यानं दम्याच्या माणसाला ठसका लागतो, तो नाटक करून रायला असं घरचे म्हणतात तेव्हा मला लय वाईट वाटते.

आता महिनाभर काहून टिकते ते पाहा. एनजीएफ नसेच्या टोकाला बसतं, तिथून नसेच्या आतून उलटा प्रवास करत पार नसेच्या मूळ पेशीपर्यंत जातं, ती मूळ पेशी मानेजवळ असते, अन् तिथं जाऊन कोणती जनुकं चालू ठेवायची ते बदलतं. मग ती पेशी सबस्टन्स पी सारखी रसायनं जास्त बनवते, ती परत टोकाला येतात अन् नळीत सांडतात, त्यानं रक्तवाहिन्या झिरपतात, स्नायू आवळतो, कफ सुटतो. गिनीपिगमध्ये तर असं दिसलं की एरवी सबस्टन्स पी न बनवणाऱ्या नसाही एनजीएफ दिल्यावर ते बनवायला लागल्या. हे जाणं-येणं, जनुकं बदलणं, एका दिवसाचं काम नाही, अन् तसंच ते एका दिवसात उतरतही नाही. सर्दीचा व्हायरस निघून जातो पण त्यानं चिडवलेली नस मागे राहते.

दोन आठवडे झाले तरी खोकला थांबत नसेल तर तपासून घ्याच, आपल्याकडं टीबीही आहे, सगळाच खोकला नसेवर ढकलता येत नाही.

डॉक्टर म्हणे रिमॉडेलिंग झालं. म्हणजे का?

म्हणजे नळीच्या भिंतीची बांधणीच बदलली.

मातीच्या घराचं उदाहरण घ्या. पोपडा निघाला की आपण लिपतो, दर सणाला पोतारा देतो, त्यात चूक काहीच नाही, पण तीस वर्षं थरावर थर चढवत गेलो अन् जुना कधी खरवडलाच नाही तर भिंत जाड होते अन् दाराची चौकट बसेनाशी होते. श्वासनळीत तसंच. सूज म्हणजे जखम, जखम झाली की शरीर दुरुस्ती करतं, परत सूज, परत दुरुस्ती. अस्तराखाली जो पातळ जाळीदार थर असतो तो निरोगी माणसात साधारण ४-५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा), दम्यात दुप्पट-तिप्पटही होतो. स्नायूचा पट्टा जाड होतो. कफ बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढतात, ग्रंथी मोठ्या होतात, नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटतात. हे म्हाताऱ्यांचंच आहे असंही नाही, दम्याच्या लहान मुलांच्या नळीच्या तुकड्यातही जाड थर दिसलेला आहे.

साधी सूज असली की औषधानं नळी पुन्हा मोकळी होते. बांधणी बदलली की नळी थोडी अरुंद ती अरुंदच राहते, अन् जाड स्नायू आवळला की जास्त जोरानं आवळतो.

याच्यात एनजीएफचा हात किती?

एकट्याचा नाही. भिंत जाड करण्यात टीजीएफ-बीटा अन् आयएल-१३ या निरोप देणाऱ्या प्रोटीनांची मोठी नावं आहेत. पण एनजीएफ बऱ्याच ठिकाणी हातभार लावतं. प्रयोगशाळेत माणसाच्या फुफ्फुसाचे फायब्रोब्लास्ट वाढवले अन् एनजीएफ दिलं तर ते जागा सोडून सरकायला लागतात अन् मायोफायब्रोब्लास्ट होतात, म्हणजे अर्धे स्नायूसारखे, आखडणारे. जखम भरताना कडा ओढून आणणाऱ्या पेशी याच. श्वासनळीच्या स्नायूच्या पेशी एनजीएफनं संख्येनं वाढतात, अन् त्या स्वतःही एनजीएफ सोडतात, म्हणजे स्वतःच स्वतःला खतपाणी. नवीन रक्तवाहिन्या फुटायलाही ते मदत करतं. उंदरांची अशी जात तयार केली होती की जिच्या श्वासनळीच्या अस्तरातच एनजीएफ जास्त बनतं, त्या उंदरांच्या नळीत नसांचं जाळं दाट झालं अन् कॅप्सायसिनला त्यांची नळी जास्त भडकायला लागली. अन् ॲलर्जीवाल्या उंदरांना एनजीएफ अडवणारी अँटीबॉडी दिली तर नळीचं भडकणं कमी झालं.

पण एनजीएफला खलनायक करू नका. कातडीवरची जखम भरायला, डोळ्याच्या बुबुळाला ते लागतंच. दुरुस्ती करणारा माणूस चांगलाच आहे, त्याला रोज नवीन तोडफोड आपण देत राहतो हा घोटाळा आहे.

हे सगळं उंदरातलं. माणसात पाहिलं का कोणी?

हो. १९९६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ॲलर्जी अन् दमा असलेल्या लोकांच्या रक्तात एनजीएफ मोजलं, निरोगी लोकांपेक्षा जास्त निघालं. १९९८ मध्ये तर दम्याच्या लोकांच्या फुफ्फुसाच्या एका भागात दुर्बिणीतून थोडा ॲलर्जीचा पदार्थ सोडला अन् १८ तासांनी तो भाग धुऊन पाणी तपासलं, त्यात एनजीएफ, बीडीएनएफ अन् एनटी-३ तिन्ही वाढलेले होते. म्हणजे एका दिवसाच्या आतच. एका दिवसाच्या धुळीनंही हे चक्र हलतं, हे वाचल्यापासून मी आईला कापसाच्या ढिगाजवळ बसू देत नाही.

पोट्ट्याले लहानपणी छातीत भरलं होतं, पुढं दमा होईन का?

सगळ्यांना होत नाही. पण आरएसव्ही नावाचा व्हायरस आहे, बारक्या लेकरांची छाती भरण्याचं एक मोठं कारण, त्याच्या इन्फेक्शनमध्ये उंदरांच्या फुफ्फुसात एनजीएफ अन् त्याचे रिसेप्टर वाढलेले दिसले, गंभीर आजारी बाळांच्या श्वासनळीतही एनजीएफ जास्त आढळलं. आरएसव्हीनं जोरात आजारी पडलेल्या मुलांना पुढं काही वर्षं घरघर जास्त होते हे खरं आहे अन् चिडलेल्या नसा हे त्याचं एक कारण असू शकतं. लेकरू आहे त्या घरात बिडी नको, अन् चुलीजवळ पाळणा बांधायचा नाही.

थ्रेशरवर गेलो की धाप लागते, जिनिंगमधे छाती आवळते, हे बी एनजीएफच का?

सगळं एकाच खुंटीला टांगू नका. जिनिंगचा त्रास वेगळा आहे, त्याला बिसिनोसिस म्हणतात, कापसाच्या धुळीत एंडोटॉक्सिन नावाचं बॅक्टेरियाचं विष असतं त्यानं होतो, अन् त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती जास्त आवळते. सोयाबीनच्या मळणीत, तुरीच्या कुटारात धूळ, बुरशी, परागकण सगळंच उडतं. पऱ्हाट्या अन् गोवऱ्या जाळून चूल पेटवतो त्या धुरात ॲक्रोलीन असतं, ते नसेवरच्या टीआरपीए-१ नावाच्या दुसऱ्या दरवाजावर बसतं. सुरुवात कशानंही होवो, नळी सुजली की एनजीएफ वाढायचा रस्ता मोकळा होतो, अन् मग पुढच्या हंगामात त्याच धुळीचा जास्त त्रास होतो. तोंडाला दुपट्टा बांधा, नुसत्या दुपट्ट्यापेक्षा नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क कधीही चांगला, अन् वारा पाठीवर घेऊन उभे राहा. चुलीवर वर्षानुवर्षं बसलेल्या बायांना दमाच असतो असं नाही, सीओपीडी म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार असू शकतो, ते तपासूनच कळतं.

एवढं माहीत हाय त एनजीएफ बंद करायची गोळी काहून नाही काढत?

काढायचा प्रयत्न झाला, पण सांधेदुखीसाठी. टॅनेझुमॅब नावाचं इंजेक्शन होतं, एनजीएफला धरून ठेवणारी अँटीबॉडी. गुडघ्याचं दुखणं कमी झालं, पण काही लोकांचे सांधे भराभर झिजायला लागले, म्हणून २०१० मध्ये चाचण्या थांबवल्या, पुढं परत सुरू केल्या, शेवटी २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं १९ विरुद्ध १ मतांनी विरोध केला अन् ते औषध सोडून द्यावं लागलं.

काही लेकरं ट्रक-एच्या जनुकात बिघाड घेऊन जन्मतात, त्यांना दुखणंच कळत नाही अन् घामही येत नाही. ऐकायला बरं वाटेल, पण ती लेकरं स्वतःची जीभ चावतात, हात भाजून घेतात, आपल्या इथल्या उन्हात तर घाम नाही म्हणजे जिवावरचंच. एनजीएफ अख्ख्या शरीरात बंद करणं इतकं सोपं नाही ते यामुळं. उलट डोळ्यासाठी एनजीएफच औषध झालं, सेनेजरमिन नावाचे थेंब, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. दम्यासाठी मात्र एनजीएफ अडवणारं औषध बाजारात नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका.

रोजच्या पंपानं एनजीएफ कमी होते का?

रोजचा पंप म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा पंप. प्रयोगशाळेत फुफ्फुसाच्या पेशींवर स्टेरॉइड टाकलं तर त्यांचं एनजीएफ सोडणं कमी होतं. मला वाटते हीच आपल्या कामाची गोष्ट आहे. एनजीएफला थेट हात न लावता, जी सूज त्याला बोलावते तीच खाली आणायची.

स्टेरॉइड हा शब्द ऐकला की लोक दचकतात. गोळीचं माप मिलिग्रॅममध्ये असतं अन् पंपाचं मायक्रोग्रॅममध्ये, बुडेसोनाइड या पंपातल्या स्टेरॉइडचा २०० मायक्रोग्रॅमचा पफ म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा, तोही थेट नळीत. पंप मारल्यावर चूळ भरून थुंकायची, नाही तर तोंडात पांढरे चट्टे येतात. स्पेसर म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी वापरली तर औषध घशात कमी अन् छातीत जास्त जातं.

पंपाची सवय लागते ना पण?

नाही. चष्मा घातला म्हणून डोळ्याला सवय लागत नाही, गरज असते म्हणून घालतो.

निळा पंप मारला की दहा मिनिटात बरं वाटते, मंग रोजचा कायले?

काहून की निळा पंप स्नायू सैल करतो, भिंतीतली सूज तशीच राहते. आम्ही घरात हीच चूक केली. आईला कित्येक वर्षं फक्त निळाच पंप होता, धाप लागली की दोन पफ, तिला बरं वाटायचं अन् आम्हालाही बरं वाटायचं, महिन्याला एक पंप संपायला लागला तरी कोणाच्या लक्षात आलं नाही, जिथून औषध आणायचो तिथंही कोणी विचारलं नाही. त्या सगळ्या काळात भिंतीवर थर चढत होते. दम्याचं जगभर मार्गदर्शन करणाऱ्या जीना या संस्थेनं २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे की १२ वर्षांच्या वरच्या कोणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सोबत स्टेरॉइडचा पंप पाहिजेच. तुमच्या घरी फक्त निळा असेल तर डॉक्टरला उद्याच विचारा.

जाड झालेली नळी परत पातळ होते का?

थोडी. जास्त काळ नियमित स्टेरॉइड पंप घेतल्यावर अस्तराखालचा थर काही लोकांत पातळ झालेला दिसला आहे, पण स्नायूची जाडी लवकर हटत नाही. लवकर सुरू केलेलं केव्हाही बरं.

एनजीएफची रक्ततपासणी कुठं होते?

तिची गरज नाही, पैसे वाया घालवू नका. स्पायरोमेट्री म्हणजे फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची तपासणी करा, मेडिकल कॉलेजात होते. घरी पीक फ्लो मीटर म्हणजे फुंकेचा जोर मोजायचं साधन ठेवा, स्वस्त मिळतं, सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा वहीत लिहायचा.

मृगाले हैदराबादले जाऊन मासळीचं औषध घेतलं त?

आमच्या गावातूनही लोक जातात, दमलेला माणूस कुठंही आशेनं जाते, त्यांना मी नावं ठेवत नाही. माझं एकच म्हणणं असते, पंप पिशवीत घेऊन जा अन् आल्यावर बंद करू नका. अन् ज्या पुडीवर नाव-गाव-घटक काहीच लिहिलं नाही अन् तरी दोन दिवसात जादूसारखं बरं वाटते, तिच्यात बरेचदा स्टेरॉइडची गोळी कुटून टाकलेली असते, ती अंगाला फार महाग पडते.

तुमच्या आईले आता कसं हाय?

रोजचा पंप सुरू करून तीन वर्षं होऊन रायली. पीक फ्लो १६० वर असायचा, आता २४० च्या आसपास राहतो, त्याच्या वर जात नाही, तो वरचा भाग गेला तो गेलाच. कांडपाच्या दिवशी ती अजूनही मागच्या खोलीत दार लावून बसते. पण यंदा आखाडीला पोळ्या तिनंच लाटल्या, उभं राहून.